आधी कविता, मग गिटार

श्रीरंग गेल्याचं मला कळलं ते उलट्या बाजूनं. सिडनीजवळच्या पॅरामॅटातल्या ज्या वाचनालयात मी काम करते तिथे सकाळी फोन बंद ठेवावा लागतो. चहाच्या सुट्टीत तो उघडला, तर मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागलेली. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘ॐ शांती’, पुन्हा हात, पुन्हा हात… कोणाला, ते एकानंही लिहिलेलं नाही. मी वर वर सरकवत गेले. मधेच कुणीतरी गणपतीच्या मोदकांची ऑर्डर टाकली होती आणि मग ती पुसूनही टाकली होती. त्याच्याही वर, एका ओळीत, श्रीरंगचं नाव होतं. कॅसल हिल मेट्रोच्या फलाटावर, कामावर निघालेला असताना छातीत कळ आली आणि रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. खोटं कशाला सांगू, मला आधी रडू आलं नाही. आधी चीड आली. त्या महिनाअखेरीला त्यानं मला लेख द्यायचा होता.

आमच्या सिडनीच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक मी अनेक वर्षं संपादित करते आहे, आणि जेवढी वर्षं मी तो करते आहे तेवढी वर्षं श्रीरंगचा लेख ‘येतोय’. विषय कधी बदलला नाही. पंक रॉक नावाचा जो आरडाओरडीचा, तीन कॉर्डांचा, फाटक्या कपड्यांचा संगीतप्रकार सत्तरच्या दशकात पश्चिमेत उगवला, त्याचं मूळ गाण्यात नसून प्रायोगिक कवितेत आहे, हे त्याला सिद्ध करायचं होतं. आमची शेवटची भेटही याच विषयावर झाली. जाण्याच्या दोनेक आठवडे आधी, पॅरामॅटाच्या मॉलमधल्या फूड कोर्टात. त्याचं बँकेचं ऑफिस तिथून जवळ होतं, तो तिथे डेटाबेस सांभाळायचा. माझ्या ताटातले चिप्स न विचारता खाणं हा तो हक्क समजायचा.

“लेख?” मी विचारलं.

“येतोय.”

“कशानं येतोय? बैलगाडीनं?”

“संपादिकाबाई, घाई केली की कविता मरते.”

“श्रीरंग, हा लेख आहे. कविता नाही.”

“तोच तर माझा मुद्दा आहे,” तो म्हणाला आणि माझ्या हातातला टोमॅटो सॉसचा सॅशे काढून घेऊन स्वतःसाठी फोडला. त्याच्याशी वाद घालणं असं असायचं. आपण तारीख मागावी आणि त्यानं सिद्धांत द्यावा.

तो सिद्धांत इथे थोडक्यात सांगायला हवा, कारण तो आता दुसरं कोणी सांगणार नाही. त्याचं म्हणणं असं की पंकच्या पहिल्या गायकांपैकी कितीतरी जण मुळात गायक नव्हतेच. ते पुस्तकांच्या दुकानांत, चर्चच्या रिकाम्या सभागृहांत कविता वाचणारे लोक होते. त्या कवितेनं वर्तमानपत्रं कात्रीनं कापून वाक्यं भलत्या क्रमानं चिकटवली होती. नुसत्या आवाजांच्या, नुसत्या एका शब्दाच्या कविता केल्या होत्या. ऐकणाऱ्याला खूश करायचं नाकारलं होतं. मग एके दिवशी अशा एखाद्या कवीच्या मागे कुणीतरी गिटार घेऊन उभा राहिला, सोबत म्हणून. हळूहळू सोबत मोठी झाली, ढोल आले आणि लोक त्याला बँड म्हणू लागले. “आधी कविता, मग गिटार,” तो बोट उंचावून म्हणायचा, “आणि लोक शिकवतात उलटं.” मी त्याला दर वेळी एकच उत्तर देत असे. पंक बेकारीतून आलं, कंटाळ्यातून आलं, स्वस्त गिटारींतून आलं. ज्या पोरांनी ते वाजवलं त्यांतल्या बहुतेकांनी कवितेचं एक पान उलटलं नसेल. यावर तो मान डोलवायचा, जणू मी त्याचंच म्हणणं मांडलं आहे. “चिडायला सगळ्यांनाच येतं गं. कसं चिडायचं, किती थोडक्यात चिडायचं, हे कवितेनं शिकवलं.” हे वाक्य चांगलं आहे, हे मी त्याच्यासमोर कधी मान्य केलं नाही. इथे करते.

हे वेड त्याला पुण्यातच लागलं होतं. आम्ही एकाच कॉलेजात होतो. तो अभियांत्रिकीला जाण्यापूर्वीची दोन वर्षं. रद्दीच्या दुकानात त्याला जुन्या लघुनियतकालिकांचा एक गठ्ठा सापडला होता. साठच्या दशकात आपल्याकडच्या चिडलेल्या तरुण कवींनी सायक्लोस्टाइलवर काढून, कडेला पिना मारून वाटलेले ते अंक. शाई पसरलेली, कागद पिवळा, पिना गंजलेल्या, त्यामुळे प्रत्येक पानावर तांबूस डाग. आम्ही बाकीचे परीक्षेचे प्रश्न पाठ करत असताना हा कॅन्टीनमध्ये बाकावर उभा राहून त्या कविता मोठ्यानं वाचायचा आणि कॅन्टीनवाला त्याला खाली ओढायचा. पुढे सगळ्यांसारखाच तोही व्हिसा काढून सिडनीला आला. मी लग्न होऊन नंतर आले. इथे आल्यावर न्यूटाऊनमधल्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात त्याला खोक्यात पडलेली, फोटोकॉपी करून पिना मारलेली पंकची पत्रकं दिसली. त्यानं मला तिथूनच फोन केला. मी शिफ्टवर, हा ओरडतोय, “अगं, पिना गंजल्यात! तसाच डाग आहे! हे आपलंच आहे!” दुकानदाराला वाटलं की याला टेटॅनसची भीती वाटते आहे. त्यानं बिचाऱ्यानं हातमोजे आणून दिले.

तेव्हापासून सिद्धांताला दुसरा मजला चढला. आपल्याकडचे ते कवी म्हणजे पंकच होते, फक्त त्यांच्याकडे अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. मग मी विचारायची की बाबा रे, तर मग आपल्याकडे त्या कवितेतून बँड का निघाले नाहीत? या प्रश्नावर मात्र तो खरोखर विचारात पडायचा. एकदा म्हणाला, “कारण आपण चाल लावतो.”

“म्हणजे?”

“मराठी माणसाला कविता दिली की तो आधी पेटी काढतो. शिवी दिली तरी आपण तिला यमनात बसवू. आपल्याकडे कवितेचा शेवट भावगीतात होतो. तिकडे कवितेनं गाण्याचा गळा धरला, इकडे गाण्यानं कवितेचा.”

हे त्याचं खरं दुःख होतं, आणि पुढे जे झालं ते समजायला एवढं एक ध्यानात ठेवलं तरी पुरे. त्याला चाल नको होती. त्याच्या गॅरेजमध्ये महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, वाचन असायचं. कॅसल हिलच्या त्या शांत गल्लीत, जिथे लोक गवत कापायलाही वेळ बघून कापतात, तिथे गॅरेजचं शटर अर्धं वर करून आम्ही घडीच्या खुर्च्यांवर बसायचो. कधी कधी आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आणि वाट चुकलेला एखादा नवा पर्मनंट रेसिडेंट. गाऊन म्हणायला बंदी. मुशायऱ्यातल्या तरन्नुमला बंदी. ‘वा’ म्हणायलाही बंदी. कुणाच्या तोंडून सवयीनं ‘वा’ निघालंच तर श्रीरंग वाचन थांबवून त्याच्याकडे बघत राहायचा. माझ्या नवऱ्यानं एकदा नुसतं “आहा” म्हटलं तर म्हणाला, “चहा हवाय का?” अलका, म्हणजे त्याची बायको, फार्मसीतून दमून आलेली, आतून पोह्यांची ताटली आणायची, शटरखालून बाहेर बघायची आणि म्हणायची, “समोरचे आजोबा पुन्हा बाहेर आलेत. जरा हळू चिडा.”

मला तो नेहमी वाचायला सांगायचा. मी नकार द्यायची. कविता ही डोळ्यांनी, एकटीनं, शांतपणे वाचायची गोष्ट आहे असं माझं मत आहे आणि ते त्याच्या मृत्यूनंतरही बदललेलं नाही.

एका वर्षी त्यानं लेखाऐवजी एक कविता दिली, कापाकापीतून केलेली. आमचा अंक छपाईसाठी पुण्यात तयार होतो. तिथल्या ऑपरेटरनं ती बघितली, त्याला वाटलं फाइल बिघडली, आणि त्या सज्जन माणसानं सगळ्या तुटक्या ओळी जोडून, मधे ‘आणि’, ‘परंतु’ घालून एक नीटनेटका परिच्छेद केला. “मॅडम, मजकूर तुटला होता, मी सांधून घेतला.” अंक छापून, जहाजातून येऊन, वाटून झाल्यावर मला हे कळलं. मी शरमेनं अर्धी झाले, शुद्धिपत्रक लिहायला बसले. श्रीरंगनं मात्र तो परिच्छेद गॅरेजमध्ये ‘परंतु’सकट, मुठी आवळून वाचला आणि म्हणाला की आता ही कविता पूर्ण झाली, आता हिला अनोळखी माणसाचा हात लागला. अशा माणसाचं काय करायचं? तुम्ही त्याच्यासाठी रागवावं तर तो तुमच्या रागाचंही साहित्य करून टाकणार.

आणि ब्रिस्बेन. ते तर मी विसरणं शक्य नाही. आम्ही दोन्ही कुटुंबं शाळेच्या सुट्टीत गोल्ड कोस्टला निघालो होतो, त्याची मुलगी इरा तेव्हा लहान होती आणि थीम पार्कची तिकिटं काढलेली होती. श्रीरंगनं गाडी वाटेतून ब्रिस्बेनच्या एका उपनगरात वळवली. सत्तरच्या दशकात तिथलं सरकार कडक होतं, चार माणसं रस्त्यावर जमली तरी पोलीस यायचे, आणि अशा खांबांवर उभ्या लाकडी घरांतच इथलं पंक जन्मलं, असं त्यानं वाचलं होतं. एक विशिष्ट घर त्याला बघायचं होतं. पत्ता अर्थातच चुकीचा निघाला. आम्ही एका अनोळखी घरासमोर उन्हात उभे, इरा रडतेय, अलका डब्यातल्या इडल्या वाटतेय, आणि श्रीरंग फाटकाचे फोटो काढतोय. शेजारच्या अंगणात पाइपानं झाडांना पाणी घालणारा एक म्हातारा गोरा माणूस पुढे आला. “यू राइट, मेट?” श्रीरंगनं त्याला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं, सायक्लोस्टाइलसकट. म्हातारा शांतपणे ऐकत होता, पाणी त्याच्या बुटावर पडत होतं. मग तो म्हणाला की घर ते नव्हे, पलीकडच्या गल्लीतलं, आणि ते केव्हाच पाडलं. पण त्या पोरांना तो ओळखत होता. दर आठवड्याला त्यांच्यावर पोलीस तोच बोलवायचा. “आधी एकच पोरगा होता,” तो म्हणाला. “व्हरांड्यात उभा राहून कसलेतरी कागद वाचायचा. ओरडायचाच म्हणा. गिटारी नंतर आल्या. खरं सांगू? गिटारी आल्या तेव्हा जरा बरं वाटलं.”

श्रीरंगनं माझ्याकडे जे बघितलं ते मला आजही दिसतं. थीम पार्क बंद व्हायच्या बेतात आम्ही पोचलो. पुढची कित्येक वर्षं मी त्याला सांगत राहिले की एका त्रासलेल्या शेजाऱ्याची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, आणि तो म्हणत राहिला की त्रासलेल्या शेजाऱ्याइतकं लक्ष देऊन कविता कोण ऐकतं?

त्याची म्हणून जी कविता मंडळात सगळ्यांना माहीत होती ती एकच. एकदा कोजागरीला त्यानं ती स्टेजवर वाचली, दुधाच्या आधी, आणि निम्मे लोक दूध तापलं का बघायला उठून गेले. ती अशी आहे :

पुढचं स्टेशन
पुढचं स्टेशन
पुढचं
मागे सरका
उतरा
सामान तुमचं तुमच्यापाशी
उतरा
दारं मिटतील
आई
आवाज येतोय का
दारं मिटतील
आवाज येतोय का
उतरा
आवाज
येतोय का

मेट्रोतल्या इंग्रजी सूचनांचं मराठी आणि सांगलीला असलेल्या आईशी व्हिडिओ कॉलवर होणारं बोलणं कापून एकत्र चिकटवलेलं. ती शेवटच्या आजारपणात होती तेव्हाचं. तो त्याविषयी फक्त इतकंच म्हणाला की यात माझा एकही शब्द नाही, सगळे सापडलेले आहेत. तो ती पाय आपटत, कपाळाची शीर फुगवून वाचायचा. लोक हसायचे. तोंडावर नाही, पण गाडीत बसल्यावर हसायचे, आणि हे अलकाला माहीत होतं.

तर त्याच्या श्रद्धांजली सभेच्या आधीच्या आठवड्यात इरा वाचनालयात आली. ती आता नोकरी करते. माझ्या काउंटरसमोर रांगेत उभी राहिली, नंबर आल्यावर म्हणाली, “मावशी, आई इज मेकिंग इट अ साँग.”

“काय?”

“बाबाची पोएम. सुलभाकाकू हार्मोनियमवर बसवतायत. विथ तबला.” तिचे डोळे भरून आले होते पण आवाजात नुसता संताप. “ही वुड हेट इट. यू नो ही वुड.”

मला माहीत होतं. मी सुलभाताईंना फोन केला. त्या आमच्या मंडळाचा संगीत विभाग चालवतात, अतिशय प्रेमळ बाई, कुणाचंही बारसं असो वा बारावं, पेटी घेऊन हजर. “अगं, शब्द काय सुंदर आहेत,” त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं ओरडण्यात कळलेच नाहीत बघ. मी भैरवीत बसवलंय. ‘आई, आवाज येतोय का’ हे ध्रुवपद केलंय. ते ‘सामान तुमचं’ काढलंय, मीटरमध्ये बसत नव्हतं.”

“सुलभाताई, त्याला चाल लावलेली आवडायची नाही.”

“आवडायची नाही म्हणजे होता तेव्हा. आता त्याला काय आवडीनिवडी…”

मी अलकाकडे गेले. ती स्वयंपाकघरात डबे रिकामे करत होती; लोकांनी आणून दिलेलं जेवण उरलं होतं. मी तिला समजावून सांगितलं, म्हणजे त्याचा सगळा मुद्दा तिलाच समजावून सांगितला, भावगीत, गळा वगैरे. तिनं ऐकून घेतलं. मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, “झालं? आता माझं ऐक. मी ते ओरडणं या घरात रोज ऐकलंय. काउन्सिलकडून तक्रारीचं पत्र आलं तेव्हा उत्तर मी दिलंय. लोक हसायचे गं त्याला. मला कळत नव्हतं का? एकदा, फक्त एकदा, त्याच्यासाठी सभागृहातल्या सगळ्यांनी रडलेलं मला बघायचंय. मग तुम्ही खुशाल त्याचं तत्त्वज्ञान छापा.”

मी घरी आले. एकीकडे त्याची बायको, दुसरीकडे त्याची मुलगी, आणि जो माणूस एका वाक्यात निकाल देऊ शकला असता तो नेमका गैरहजर. आयुष्यभर तो असाच. काम अर्धं करून ठेवायचं आणि मधे मला उभं करायचं. इराला मी म्हटलं की तूच वाच. ती म्हणाली, “मला देवनागरी नाही येत, मावशी. माय मराठी इज ओन्ली फॉर फूड. तू वाच ना. यू आर हिज एडिटर.” मी म्हटलं, बघू. ‘बघू’ म्हणजे नाही हे इथल्या मुलांना कळत नाही, त्यांना वाटतं खरंच बघणार आहेत.

सभा कॅसल हिलच्या कम्युनिटी सेंटरमध्ये होती. हार घातलेला फोटो, समई, मागे कुठल्यातरी झुंबा वर्गाचा फलक जो काढायची परवानगी नव्हती. दोन-चार भाषणं झाली. बँकेतल्या त्याच्या साहेबानं सांगितलं की श्रीरंग वॉज अ क्वाएट अचीव्हर, तेव्हा इराला हसू आवरेना. मग सुलभाताईंनी पेटीवर सूर धरला.

चाल सुंदर होती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ती वाईट असती तर सगळं सोपं झालं असतं. ‘आवाज येतोय का’ वर भैरवीचा तो कोमल ऋषभ लागला आणि माझ्या शेजारची बाई पदर शोधू लागली, तिनं जीन्स घातली आहे हे विसरून. आईबापांना तिकडे ठेवून आलेली माणसं आम्ही, आम्हाला रडवायला कितीसं लागतं? सगळे रडले. अलका ताठ बसून लोकांकडे बघत होती, एकेका रांगेकडे, आणि तिच्या चेहऱ्यावर त्या दिवसांतलं पहिलं समाधान होतं. मीही रडले. आणि रडता रडता मला दिसत होतं की श्रीरंग दुसऱ्यांदा जातो आहे. घरी जाताना प्रत्येक जण ही चाल गुणगुणत जाणार, पुढच्या वर्षी ती मंडळाच्या सुगम संगीतात येणार, आणि कविता संपणार.

कुणीतरी “वा” म्हणालं. पाठोपाठ दोघा-तिघांनी “वा, वा”. मी उठले.

मी का उठले ते मला नीट सांगता येत नाही. इरा बघत होती एवढं खरं. मी माईकपाशी गेले, म्हटलं की ही कविता श्रीरंग जशी वाचायचा तशी एकदा वाचते. माईक शिटी मारू लागला म्हणून बाजूला ठेवला. आणि मी, जी घरात नवऱ्याला हाक मारायला दुसऱ्या खोलीत चालत जाते, ती ओरडले. ‘पुढचं स्टेशन’ला आवाज फाटला. ‘उतरा’ कसंबसं निघालं. ‘आवाज येतोय का’ मी जिवाच्या आकांतानं ओरडले, तिन्ही वेळा, शेवटचं सगळ्यांत मोठ्यानं. मागच्या रांगेत एक लहान मूल घाबरून रडायला लागलं. संपल्यावर कुणीही वा म्हटलं नाही. मग एका कार्यकर्त्यानं येऊन सांगितलं की चहा आणि उपमा बाहेर ठेवलाय.

अलका माझ्याशी बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मी फोन केले, तिनं उचलले नाहीत. इरा मेसेज करायची, ‘शी नीड्स टाइम’. मी दिवसा कामावर जायची आणि मनातल्या मनात श्रीरंगशी भांडायची की बघ, तुझ्या त्या सिद्धांतापायी माझी मैत्रीण गेली, आणि लेख तर नाहीच… त्याच्या कॉम्प्युटरवर इराला सापडलं ते फक्त शीर्षक आणि खाली ‘प्रस्तावना’ हा शब्द. अंकातली पानं मी त्याच्यासाठी ठेवलेली होती. ती भरायला मीच बसले. ज्या मताशी मी आयुष्यभर भांडले त्याची बाजू मीच मांडते आहे, आणि मधे मधे कंसात माझं म्हणणं घालायचा मोह आवरते आहे.

मागच्या शनिवारी दुपारी अलकाचा मेसेज आला. ‘गॅरेज रिकामं करायचंय. येतेस?’ एवढंच. मी गेले. शटर पूर्ण वर होतं, खोकी भरून ठेवली होती, घडीच्या खुर्च्या मंडळाला द्यायला भिंतीशी रचल्या होत्या. आम्ही बराच वेळ वस्तू इकडून तिकडे केल्या. मग ती एकदम थांबली.

“तू चूक वाचलंस,” ती म्हणाली.

“अलका, मला खरंच तुला दुखवायचं…”

“ते नाही. ते झालं. तू चूक वाचलंस म्हणतेय मी. सगळंच काय ओरडलीस? तो सगळं ओरडायचा नाही.”

मी हातातलं खोकं खाली ठेवलं.

“तुम्ही सगळे त्याचे पाय बघायचात. मी आतून नुसतं ऐकायची. तो ‘उतरा’ ओरडायचा. घर हलेल असं. पण ‘आवाज येतोय का’ कधीच नाही. तिथे तो साधं बोलायचा. सुलभाताईंसारखं रडून नाही आणि तुझ्यासारखं किंचाळून तर मुळीच नाही. फोन लागत नसला की माणूस कसा वैतागतो, तसं. सासूबाईंशी बोलताना बोलायचा तसंच.” ती माझ्यावर चिडली होती, आणि इतक्या आठवड्यांनी ती माझ्यावर चिडली याचं मला बरं वाटत होतं. “इतकी वर्षं समोर बसून काय ऐकलंस गं तू?”

“म्हणून दाखव,” मी म्हटलं.

“मी? वेड लागलंय का?”

पण ती गॅरेजच्या मधोमध गेली. हातातला खोकी चिकटवायचा टेप खाली ठेवला. आधी पुटपुटल्यासारखं सुरू केलं, आणि मग ‘उतरा’ला तिचा जो आवाज निघाला त्यानं रचलेल्या खुर्च्यांतून झिणझिण आली. समोरच्या घराचा दरवाजा उघडल्याचं मला ऐकू आलं. ती थांबली नाही. प्रत्येक ओळ तिला पाठ होती, सुलभाताईंनी गाळलेलं सामानही. शेवटाला आल्यावर ती एकदम खाली उतरली, डोक्याला हात लावून, कपाळावर आठी, अगदी रोजच्या, कंटाळलेल्या, घाईच्या आवाजात म्हणाली, “आवाज… येतोय का?”

आणि मग ती तशीच उभी राहिली, मान थोडी कलती करून, पलीकडून कोणी बोलतंय का याची वाट बघत.